गिरजाबाईचा गिलास

रंभाने सासूला रिक्षातून एकटीनेच उचललं. थोरला दीर देवीदास पायऱ्या उतरून पुढे आला होता, तिचा नवरा जानराव हात पुढे करून उभा होता. पण दोघा भावांच्या आधी तिने एक हात म्हातारीच्या मानेखाली घातला, दुसरा गुडघ्यांखाली, आणि ती कारखान्याने देवीदासला दिलेल्या क्वार्टरच्या पायऱ्या चढली. दिवसभर बांधकामावर डोक्यावरून गिट्टी-खडी वाहणारी बाई ती. टोपली भरलेली आहे की अर्धी, ते तिला न बघता कळायचं. सासू अर्ध्या टोपलीएवढीसुद्धा उरली नव्हती.

"आतल्या खोलीत नोको, इथंच ठेव," देवीदास म्हणाला. "इथं हवा येते."

हवा कसली, मे महिन्यातला वारा तो. सेक्टर सहाच्या सिमेंटच्या भिंती दुपारी बारालाच तव्यासारख्या झाल्या होत्या. देवीदासच्या बायकोने, कमलाने, खिडकीला ओलं पोतं लावलं होतं. खाटेवर गोधडी टाकून ती बाजूला सरकली. जावेकडे तिने बघितलं नाही. सासू गिरजाबाई कमलाचं घर सोडून खुर्सीपारच्या झोपडपट्टीत रंभाकडे गेली, त्याला उन्हाळ्याचे हे दोन महिने झाले होते, आणि तेवढ्या काळात दोघी जावा एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

दुर्गहून आलेला डॉक्टर मोठा शांत माणूस होता. त्याने म्हातारीच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, मळलेल्या कणकेच्या घडीसारखी. जीभ बघितली. लघवी कधी झाली ते विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही. मग सलाइनची सुई लावायला त्याने दोन्ही हातांवर शीर शोधली, पायांवर शोधली. शीर सापडली नाही. पडल्यामुळे काही मोडलेलं नाही, तो हिंदीत म्हणाला. अंगात पाणीच उरलेलं नाही, म्हणून चक्कर आली आणि म्हणून पडली. आजची ही गोष्ट नाही, बऱ्याच दिवसांची आहे. मूत्रपिंडं थकत आली आहेत. दवाखान्यात हलवा आणि गाडी येईपर्यंत तोंडाने जाईल तेवढं पाणी पाजत राहा, घोट घोट.

"पानी तो पिलाते थे ना आप लोग?" जाता जाता त्याने विचारलं.

रंभा दाराकडे सरकली. शेजारचे कृष्णराव सायकल काढून दवाखान्याची गाडी सांगायला गेले.

*

भागीरथा, गिरजाबाईची थोरली लेक, दुर्गच्या रेल्वे क्वार्टरातून पोचली तेव्हा आईच्या ओठांवर कमला ओला कपडा फिरवत होती. भागीरथाने आईचा चेहरा पाहिला आणि दारातच तिचे पाय थांबले. मागच्या वेळी भेटली तेव्हा या चेहऱ्याला गाल होते. रडू येईल म्हणून ती भांडायला लागली. ती नेहमी असंच करायची.

"काय व रंभा, मायले खायाले देत होती का नुसती झोपडी राखाले ठेवली होती?"

"देत होती, बाई. त्याच खात नव्हत्या."

"खात नव्हत्या म्हणते! अन् तू पाहत होती?"

"मी सक्काळी कामावर जातो, दिवस बुडता येतो. ठेकेदार काय माह्या सासूसाठी सुट्टी देईन?" रंभाचा आवाज चढला. "तुमी न्याचं होतं चार दिवस. तुमची तं पोटची माय हाये."

"माही एक खोली हाये. आमच्या घरधन्याची रातपाळी राह्यते, दिवसा झोपतेत. मायले कुठी बसवू, सिग्नलवर?"

"पाह्य, बाई, उगाच रंभावर चढू नोको," जानराव मध्ये पडला. सकाळी आईला नाल्याकडून खांद्यावर आणताना लागलेली माती अजून त्याच्या सदऱ्यावर होती. "माह्या झोपडीत नळ नाई, संडास नाई, लाइट नाई. ज्याच्या घरात सारंच हाये त्याले इचार, माय तिथून कायले निंघाली."

त्याने भावाचं नाव घेतलं नाही. भागीरथाने वळून बघितलं ते मात्र कमलाकडे. सगळे कमलाकडेच बघत. विहारात बाया तिच्यासमोर गप्प होत आणि ती पुढे गेली की बोलत. क्वार्टर मिळालं, पंखा लागला, सासू जड झाली.

"मी काई बोलली होती का त्यायले?" कमला म्हणाली, पण हळू.

"तुमी कवा बोलता, वयनी? तुमचं तोंडच बोलते," जानराव म्हणाला.

देवीदास खिडकीजवळ उभा होता. रोलिंग मिलच्या पाळीवर जायचे खाकी कपडे त्याने सकाळीच घातले होते आणि तो गेला नव्हता. "भांडू नोका," तो म्हणाला. "आदी मायले पाणी पाजा. मायचं पाणी पयलेपासूनच कमी हाये. सारायले मालूम हाये."

हे मात्र खरं होतं. म्हणजे तसं घरात बोललं जायचं. भागीरथाच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू येऊन गेलं.

"बाबा तिले उंटीण म्हणे," ती म्हणाली. "दीक्षेले नागपूरले गेलो तवा आठवते का रे जान्या? सारी गर्दी पाणी पाणी करून राह्यली होती अन् माय तोंडाले पदर लावून चालली. बाबा म्हणे, माहं लगन मारवाडातल्या उंटिणीसंग झालं."

जानरावही हसला. म्हातारी झाली तरी माय दिवस दिवस पाण्याशिवाय राहते, हे त्यांच्या घरचं कौतुक होतं. बाप धोंडबा गेला तरी त्याची ही थट्टा मागे राहिली होती. बांधकामाच्या सुरुवातीला, कारखान्याच्या जागी नुसती शेतं होती तेव्हा, गिरजाबाई नवऱ्याबरोबर माती वाहायची. इतर बाया पाण्याच्या टाकीकडे पळत आणि ती टोपली खाली न ठेवता उभी राही. मुकादम तिचं उदाहरण देत असे. पोरांनाही त्याचा अभिमान वाटायचा. तहान नसणं आणि तहान दाबणं यात काही फरक असतो, हे त्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

*

भागीरथाने आईच्या गाठोड्यात हात घातला आणि गिलास काढला. पितळेचा, जाड काठाचा, चकचकीत. पोटावर सुबक अक्षरांत कोरलं होतं: गिरजाबाई धोंडबाजी मेश्राम. देवीदासने तो दुर्गच्या बाजारातून आणला होता आणि समोर बसून नाव कोरून घेतलं होतं.

"पाह्य, कसा लुगड्यात गुंडाळून ठेवला," ती म्हणाली. "माय, हे घे. तुह्याच नावाचा गिलास."

तिने आईचं डोकं उचललं आणि गिलास ओठांना लावला. गिरजाबाईचे दोन्ही हात गोधडीतून वर आले आणि गिलासावर आले. हात कापत होते. गिलासाचा काठ दातांवर वाजला. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. तिने तोंड फिरवलं.

"ठेव," ती म्हणाली. आल्यापासूनचा हा तिचा पहिला शब्द. "सांडते. देवीदास पाह्यते."

"पाहू दे ना. पे."

"नाई. तहान नाई मले."

भागीरथाने पुन्हा प्रयत्न केला. चमचा आणला. चमचा दातांशी आला की म्हातारी ओठ मिटून घ्यायची, एखादं पोर औषधाला मिटून घेतं तशी. बाहेर कुठे सायकलची घंटी वाजली की सगळे दाराकडे बघत. गाडी आली नव्हती.

कमला इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आपण आता बोललो तर नवऱ्याचं तोंड चार माणसांत खाली जाईल, आणि नाही बोललो तर ही म्हातारी अशीच तोंड मिटून जाईल. विहारातल्या बायांचं बोलणं तिने गिळलं होतं. हे गिळता येईना.

"गिलासानं पेणार नाईत त्या," ती म्हणाली.

"मंग कायनं पेईन?" भागीरथाने विचारलं.

"कमला," देवीदास म्हणाला.

"सांगू दे मले. किती दिवस मी हे डोक्यावर वागवू?" कमला पुढे आली. "बाई, तुमची माय माह्यामुळं गेली नाई. ह्या गिलासामुळं गेली."

मग तिने सांगितलं. होळीनंतरच्या एका रविवारी कृष्णराव बायकोला घेऊन चहाला आले होते. नागपूरकडचे चांगले लोक, जातीपातीचं काही न मानणारे. चहा झाला. कृष्णरावांची बायको कप ठेवायला स्वयंपाकघरात आली, माठाजवळ उभी राहिली. गिरजाबाई मागच्या दाराशी बसली होती. तिला तहान लागली होती. आणि सवयीने, काही मनात न आणता, तिने उकिडवं बसून दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली आणि पाहुणीकडे वर बघितलं.

"अन् त्या बाईनं तांब्या उचलला," कमला म्हणाली. "उंचावरून धार धरली. काई इचारलं नाई, थांबली नाई. एक थेंब बाहेर सांडू देला नाई. जनमभर तेच करत आली असन तशी. मंग तांब्या ठेवला अन् हसत हसत बाहेर गेली. यायनं दारातून सारं पाह्यलं."

कमलाने मानेने नवऱ्याकडे दाखवलं.

"त्या राती यायनं सांगतलं, या घरात कोणी ओंजळीनं पाणी पेणार नाई. दुसऱ्या दिशी हा गिलास आणला. आत्याबाईचे हात कापतेत. भरला गिलास त्यायले उचलत नाई. सांडला की हे पाह्यत. बोलत नव्हते, नुसते पाह्यत. मी चोरून ओंजळीत देऊ लागली तं त्याच म्हणत, नोको, त्याले दुःख होते. मंग त्यायनं मागणंच सोडलं."

देवीदासने खिडकीचं पोतं धरलं होतं. ते त्याच्या मुठीत पिळून निघत होतं.

"मंग मी काय चूक केली?" तो म्हणाला. आधी हळू आणि मग जोरात. "सांगा ना! गावात पाटलाच्या विहिरीवर माय दुपारभर बसे. कोणी येईन, वरून टाकन, तवा पेवाचं. जान्या तवा जलमला नव्हता, बाईचं लगन झालं होतं. मी होतो तिच्यासंग. तिच्या ओंजळीतून खाली गळे ते मी पेलो हावो. बोटाच्या खाली तोंड धरून. त्याच्यासाठी दीक्षा घेतली का आपण, का नळाच्या घरात माह्या मायनं पुन्हा उकिडवं बसावं? अन् कोणाच्या तरी बायकोनं वरून धार धरावी?"

"कोणी वरून नाई धरली तरी चाललं असतं," जानराव म्हणाला. "तू धरली असती."

"मी?"

"तुह्या हातानं. बसून. तिच्या बरोबरीनं बसून धरता आली असती ना तुले? तुले गिलास सुचला. नाव कोराले सुचलं."

देवीदास भावाच्या अंगावर गेला. सदरा धरला. भागीरथा दोघांच्या मध्ये शिरली आणि तिने देवीदासच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे ढकललं. "हट," ती म्हणाली, "मेली नाई थे अजून." आणि आल्यापासून प्रथमच तिने कमलाकडे नीट बघितलं. कमलाने नजर खाली घेतली. भागीरथाने तिचा हात धरला आणि आपल्याजवळ खाटेच्या कडेला बसवलं.

*

रंभा दाराच्या चौकटीत बसली होती. जावेची सुटका झाली, हे तिला कळलं. आपली व्हायची होती. तिला कुणी विचारलं नसतं. डॉक्टरने विचारलं तेव्हा ती गप्प राहिली होती आणि आताही गप्प राहता आलं असतं.

"खुर्सीपारले ओंजळीची मनाई नव्हती," ती म्हणाली. "मी सक्काळी निंघताना पाणी टाकत होती, आली का टाकत होती. त्या पेतच नव्हत्या. दोन घोट अन् बस म्हणत. मी जास्ती म्हटलं नाई."

"कावून?" भागीरथाने विचारलं. यावेळी तिच्या आवाजाला धार नव्हती.

"कावून म्हणजे? आमाले बाहेर जा लागते, बाई. पयले झोपड्यायच्या मांगंच बाभळी होत्या. आता कारखाना वाढवून राह्यले. मशिनीनं साऱ्या बाभळी काढल्या, सारं मैदान केलं. आता बाया रेलच्या लाइनीच्या पलीकडं जातेत, नाल्याच्या खाली. दिवस निंघायच्या आदी नाई तं अंधार पडल्यावर. आत्याबाईले एकटीनं लाइन पार होत नाई. गुडघे नाई वाकत, वाकले तं उठता येत नाई. मले धरा लागे."

तिने पदराने तोंड पुसलं. मग सगळं एकदमच बोलली.

"एक दिवस दुपारी त्यायले जा लागलं. घरी कोणी नाई. गेल्या हळूहळू. मैदानातच बसल्या. ट्रकवाले पाहून हसले, भोंगा वाजवला. मी आली तवा त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. म्हणे, आता पाणी देऊ नोको मले दिवसा. मीच म्हटलं मंग, बरं हाये, थोडं कमीच पेत जा. मले काय मालूम व, बाई? मले बरंच वाटलं. मले पहाटे कामावर निंघा लागते, रातची झोप नाई. मले वाटलं, चला, एक खेप वाचली."

"अन् आज?"

"आज पहाटे मी झोपून होती. त्यायनं उठवलं नाई मले. एकट्याच गेल्या, नाल्यापाशी पडल्या."

जानरावला हे सगळं माहीत होतं आणि नव्हतंही. बायका कुठे जातात, कधी जातात, याची पुरुष चौकशी करत नसत. त्याने सदऱ्यावरची माती नखाने खरवडायला सुरुवात केली.

गिरजाबाईला बोलणं ऐकू येत होतं, पण ते दुरून, पाण्याखालून आल्यासारखं. मुलं भांडत आहेत एवढं तिला कळलं. देवीदासचा आवाज तिने ओळखला. ओंजळीवरून तो एवढा का दुखावतो, ते तिला कळायचं आणि तो म्हणतो ते बरोबरच आहे असं तिला वाटायचं. पण तिची गोष्ट साधी होती. हात सुटे असले की कापत. दोन्ही तळवे एकमेकांना लागले की कापणं थांबायचं. बाकी काही नव्हतं. हे लेकाला सांगायचं तिच्या मनात बऱ्याचदा आलं होतं. तो कामावरून थकून यायचा. राहून गेलं.

*

"तांब्या आण," भागीरथा म्हणाली.

कमलाने तांब्या भरून आणला आणि तो कुणाकडे द्यावा ते तिला कळेना. तिने तो रंभाकडे दिला. रंभाने घेतला. दोघींची बोटं तांब्यावर एकमेकींना लागली.

जानरावने आईला पाठीमागून उठवून आपल्या छातीशी टेकवलं. "माय, ओंजळ धर," तो तिच्या कानाशी म्हणाला. "ओंजळ. पाणी."

गिरजाबाईचे हात वर आले, अर्ध्यावर थांबले आणि मांडीवर पडले. पुन्हा वर आले. तळवे एकमेकांना लागेनात. एक इकडे जाई, एक तिकडे.

देवीदास खिडकीपासून आला. खाटेजवळ जमिनीवर बसला, खाकी पँटसकट, उकिडवा. त्याने आईचे दोन्ही हात खालून आपल्या हातात घेतले. हाडं नुसती, तापलेली. करंगळीला करंगळी लावली, तळवे जुळवले आणि ती ओंजळ तिच्या ओठांशी नेली. मिलमध्ये तापल्या लोखंडाचे पट्टे सांडशीत धरणारा माणूस तो, पण ही पकड त्याने अगदी सैल ठेवली.

"टाक," तो रंभाला म्हणाला. "हळू."

रंभाने धार धरली. उंचावरून नाही, ओंजळीला तांब्या टेकवूनच. पाणी भरलं, बोटांच्या फटींतून गळायला लागलं आणि देवीदासच्या मनगटांवरून त्याच्या बाह्यांमध्ये शिरलं. गिरजाबाईने मान झुकवली. एक घोट. तिच्या गळ्याची शीर हलली ती सगळ्यांनी बघितली. कमला तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. दुसरा घोट.

"पे, माय," देवीदास म्हणाला. "पे. अजून हाये."

"बस."

"अजून दोन घोट. माह्यासाठी."

"बस म्हटलं ना." तिने डोळे उघडले आणि त्याच्याकडे बघितलं. ओळखीचं बघितलं. "मंग उठा लागते."

"उठवतो ना मी. रंभा हाये, कमला हाये. इथं घरातच हाये, माय, मांगच्या आंगणात. दार हाये, कडी हाये. लाइन पार करा लागत नाई. पे तू."

ती ऐकत होती की नाही कळलं नाही. खिडकीचं पोतं देवीदासने ओढून सैल केलं होतं, त्याच्या कडेने उन्हाची जाड पट्टी आत आली होती आणि फरशीवरच्या ओलीवर पडली होती. गिरजाबाई त्या उजेडाकडे बघत राहिली.

"आता नाई," ती म्हणाली. "अंधार पडला का मंग. बाहेर लई उजेड हाये."

तिने ओठ मिटले. देवीदासने हात खाली घेतले नाहीत. रस्त्याच्या तोंडाशी गाडीचा भोंगा वाजला, कृष्णराव कुणाला तरी हाक मारून घर दाखवत होते. जानरावने आईच्या पाठीखालून हात काढायचा प्रयत्न केला आणि ती आणखी जड झाल्यासारखं त्याला वाटलं. तिच्या जुळलेल्या हातांत पाणी तसंच होतं, थेंब थेंब कमी होत.

अंधार पडायला अजून बराच अवकाश होता.